थुरामबद्दल लिहिण्याआधी

चि.,
अनेक आशीर्वाद.

फ्रान्सचा माजी फुटबॉलपटू लिलियन थुराम याच्यावरचा तुझा लेख वाचला. सुरुवातीला मी हात लावणार नाही. ८ जुलै १९९८, विश्वचषकाची उपांत्य फेरी, समोर क्रोएशिया. क्रोएशियाचा शुकेर गोल करतो तेव्हा त्याला ऑनसाइड ठेवणारा, म्हणजे त्याचा गोल नियमात बसू देणारा खेळाडू थुरामच असतो. लगेच पुढच्या मिनिटाला तोच बरोबरी साधतो, मग सत्तराव्या मिनिटाला डाव्या पायाने दुसरा गोल मारतो आणि गुडघ्यांवर बसून ओठांवर बोट ठेवतो. फ्रान्सकडून १४२ सामने, त्यांत गोल एवढे दोनच. हे तू छान रंगवलं आहेस.

शेवट मात्र काढून टाक. 'फुटबॉलने फ्रान्सला एक केलं' हे विश्वचषक जिंकल्यावर त्या उन्हाळ्यात तिकडे भरपूर लिहून झालं आहे. त्या संघातल्या झिदानचा चेहरा पॅरिसच्या आर्क द त्रियाँफ या विजयकमानीवर झळकला. काळे, गोरे, अरब असे सगळे एका संघात, म्हणून देशाने स्वतःची पाठ थोपटून घेतली. चार वर्षं गेली. १९९६ मध्ये ज्याने या संघाला कृत्रिम म्हटलं होतं, तो कडवा उजवा नेता ज्याँ-मारी ल पेन २१ एप्रिल २००२ रोजी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत दुसऱ्या फेरीत पोहोचला. अखेर राष्ट्राध्यक्ष शिराकच जिंकले, पण ल पेनलाही पन्नास लाखांहून जास्त मतं पडली. ती देणाऱ्यांतले काही जण १९९८ च्या त्या रात्री रस्त्यावर नाचलेही असतील. गोल मारणाऱ्या काळ्या माणसावर प्रेम करणं आणि शेजारी राहायला आलेल्या काळ्या माणसाला आपल्याइतकाच माणूस मानणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थुरामला हे कळलं, म्हणून तर तो खेळ संपल्यावर समालोचनाच्या खुर्चीत न जाता शाळांमध्ये गेला.

त्याचं बालपण तू दोन ओळींत उरकलंस, तिथे थोडं थांब. जन्म १९७२ चा, कॅरिबियन समुद्रातल्या, फ्रान्सच्या ताब्यातल्या ग्वादलुपमध्ये. नऊ वर्षांचा असताना तो पॅरिसजवळ राहायला आला. आई साफसफाईची कामं करायची. शाळेतली मुलं त्याला टीव्हीवरच्या कार्टूनमधल्या एका काळ्या गाईच्या नावाने हाक मारत. घरी येऊन त्याने आईला विचारलं, असं का? आई म्हणाली, लोक वंशवादी असतात, हे असंच आहे, बदलायचं नाही. हा प्रसंग तो वारंवार सांगतो, आणि सांगताना आईला दोष देत नाही. फक्त त्या उत्तराने त्याचं समाधान झालं नाही. वर्गातल्या नऊ वर्षांच्या मुलांना काळा रंग म्हणजे कमी अक्कल हे शिकवलं कुणी, हा त्याचा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. ग्वादलुपमधली गुलामगिरी १८४८ मध्ये कायद्याने संपली. त्याचे आजोबा जन्मले १९०८ मध्ये. साठ वर्षं म्हणजे काही फार नव्हे. कायदा जातो, पण माणसाच्या डोक्यातली उतरंड घराघरांतून, धड्यांतून, चित्रांतून पुढच्या पिढीकडे जात राहते, असं तो सांगतो. तू त्याला 'बळी' म्हटलं आहेस, तो शब्द काढ. मैदानात काळ्या खेळाडूला बघून माकडाचे आवाज काढणाऱ्यालाच काहीतरी झालंय, मला नाही, ही त्याची भूमिका पहिल्यापासून आहे.

आता तुझ्या लेखात नसलेली एक गोष्ट. त्याच १९९८ च्या संघात क्रिस्तियान कारेंब्यू होता, प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया या फ्रेंच बेटाचा, तिथल्या मूळ रहिवासी कनाक समाजातला. १९३१ मध्ये पॅरिसला वसाहतींचं भव्य प्रदर्शन भरलं, तेव्हा कनाक लोकांच्या एका गटाला बोटीने आणून शहरातल्या एका प्राणिबागेत नरभक्षक म्हणून दाखवण्यात आलं. त्यांत कारेंब्यूचे पणजोबा होते. यांतल्या काहींना पुढे मगरींच्या बदल्यात जर्मनीला पाठवलं गेलं. ही माणसं फ्रान्सचीच प्रजा होती. पणतू विश्वविजेता झाला आणि राष्ट्रगीताच्या वेळी ओठ मिटून उभा राहिला, तर त्याच्या देशभक्तीवर शंका घेणारे लोक निघाले. थुरामने २०११ मध्ये पॅरिसच्या के ब्रान्ली संग्रहालयात अशा मानवी प्रदर्शनांवरच एक प्रदर्शन उभं करण्यात पुढाकार घेतला. रविवारी मुलाबाळांना घेऊन, तिकीट काढून, कुंपणापलीकडची माणसं बघायला गेलेली ती साधी, सभ्य कुटुंबं त्याला लोकांसमोर आणायची होती. ते कुणी राक्षस नव्हते. घरी येऊन त्यांनी मुलांना काय सांगितलं असेल, याचा विचार कर. स्टेडियममधल्या आरोळीचं मूळ तो तिथे शोधतो. म्हणून चार प्रेक्षकांना बंदी घालून हा प्रश्न सुटेल यावर त्याचा विश्वास नाही.

त्याच २०११ सालातलं दुसरं प्रकरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात कुणी ओरडत नाही. फ्रेंच फुटबॉल महासंघाच्या एका बैठकीचं ध्वनिमुद्रण बाहेर आलं. बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या प्रशिक्षण केंद्रांत, पुढे दुसऱ्या देशाकडून खेळू शकतील अशा मुलांची संख्या मर्यादित ठेवावी का, यावर चर्चा चालली होती. धिप्पाड, ताकदवान मुलांचीच निवड होते आणि ती काळी असतात, अशा अर्थाचं बोलणं त्यात राष्ट्रीय प्रशिक्षक लोरां ब्लांच्या तोंडी होतं. ब्लां म्हणजे थुरामचा बचावफळीतला जोडीदार. ज्या सामन्यात थुरामने दोन गोल मारले, त्याच सामन्यात लाल कार्ड मिळून ब्लांचा अंतिम सामना हुकला होता. चौकशी झाली, ब्लांवर ठपका आला नाही. कुणी दुखावलं असेल तर माफ करा, आपण वंशवादी नाही, असं तो म्हणाला. मला वाटतं तो खरंच बोलत होता. तरीही थुराम गप्प बसला नाही, आणि जुन्या सहकाऱ्यांची नाराजी त्याने ओढवून घेतली. काळा म्हणजे शरीर, गोरा म्हणजे बुद्धी, ही वाटणी मनात इतकी मुरलेली असते की द्वेष नसलेला माणूसही तिच्यावरून बारा वर्षांच्या पोराचं भवितव्य ठरवू शकतो. 'अमुक माणूस वंशवादी आहे का?' असं तू कधी विचारू नकोस. उत्तर नेहमी 'नाही' येतं आणि बातमी तिथेच संपते. निर्णय कसा झाला, कुणाला फायदा झाला, हे विचार.

फायद्याचा हा मुद्दा त्याच्या विचारांच्या गाभ्याशी आहे, आणि त्याच्यावर सगळ्यात जास्त टीका झाली तीही यावरूनच. सप्टेंबर २०१९ मध्ये काल्यारीच्या मैदानावर इंटर मिलान या इटालियन क्लबच्या रोमेलू लुकाकू या काळ्या खेळाडूला माकडाचे आवाज काढून हिणवलं गेलं. इंटरच्याच कट्टर समर्थकांच्या गटाने त्याला पत्र लिहून कळवलं की हा वंशवाद नाही, इटलीत असंच चालतं. आपल्याच खेळाडूला हे सांगावं! थुराम तेव्हा एका इटालियन दैनिकाशी बोलताना म्हणाला की गोऱ्या लोकांना आपण श्रेष्ठ आहोत असं वाटतं, आणि यावर बोलायला हवं ते त्यांनीच. फ्रान्समध्ये गदारोळ झाला, 'गोऱ्यांविरुद्धचा वंशवाद' असा आरोप त्याच्यावर झाला. सगळ्यांना एका वाक्यात बांधायला नको होतं, असं मलाही वाटतं. पण त्यामागचं म्हणणं मला पूर्ण पटतं. स्त्रियांवरच्या अन्यायाचं उदाहरण तो वारंवार देतो: पुरुष असल्याचा आपल्याला काय लाभ होतो हे पुरुषांनी तपासल्याशिवाय तो अन्याय संपणार नाही. पत्रकार कक्षात तुला 'मॅडम, ऑफसाइड कळतं ना?' असं विचारणारा एक असतो आणि ऐकून न ऐकल्यासारखं करणारे दहा. त्या दहांबद्दल तो बोलतोय. तुला हे समजावून सांगायची गरज नाही.

आपल्याकडे हे ओळखीचं नाही असं समजू नकोस. पुण्यात दलित क्रिकेटपटू पालवणकर बाळू हिंदू संघाकडून गोलंदाजी करायचे, तेव्हा मैदानात त्यांच्या हातातला चेंडू सगळ्यांना चालायचा. चहाच्या वेळी मात्र त्यांना पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून जास्त बळी घेऊनही हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधी मिळालं नाही. आपण ही गोष्ट नेहमी बाळूंच्या बाजूने सांगतो: किती सोसलं, तरी किती मोठे झाले. आत चिनी मातीच्या कपातून चहा पिणाऱ्यांना त्या वेळी काय वाटत होतं, हे कुणी लिहीत नाही. थुराम असता तर त्याने पहिला प्रश्न त्यांना विचारला असता. आणि रंगाचंच म्हणशील, तर गोव्याने ओडाफा आणि रँटी मार्टिन्स या नायजेरियन खेळाडूंच्या गोलांवर कितीतरी मोसम टाळ्या वाजवल्या. त्याच गोव्यात २०१३ मध्ये एका नायजेरियन माणसाचा खून झाला, त्याच्या देशबांधवांनी महामार्ग अडवला, तेव्हा एका मंत्र्याने नायजेरियन लोकांना कर्करोगाची उपमा दिली.

थुरामला देवही करू नकोस. २०१० च्या विश्वचषकात फ्रान्सच्या खेळाडूंनी सरावावर बहिष्कार टाकला, तेव्हा महासंघात बसलेल्या थुरामने कर्णधार एव्राबद्दल फार कठोर भूमिका घेतली. एव्राने पुढे त्याला जाहीरपणे सुनावलं. हे लेखात येऊ दे. तसंच २००६ ची गोष्टही येऊ दे. पॅरिसजवळच्या काशाँमध्ये पोलिसांनी एका इमारतीत आसरा घेतलेल्या लोकांना बाहेर काढलं. त्यांतले पुष्कळ जण आफ्रिकेतून आलेले होते. थुराम आणि त्याचा संघसहकारी व्हिएरा यांनी त्यांच्यातल्या काही डझन लोकांना फ्रान्स-इटली सामना पाहायला बोलावलं, आणि राजकारणी मंडळी भडकली. लुकाकूचा अपमान जगभर दिसतो. काशाँच्या माणसाचा दिसावा म्हणून कुणीतरी तिकीट काढावं लागतं.

मुलांचा उल्लेख करायचा असेल तर मोजका कर. थोरल्याचं नाव त्याने काळ्यांच्या हक्कांसाठी लढलेल्या मार्कस गार्वीवरून ठेवलं. तो मार्कस मे २०२० मध्ये जर्मनीत गोल केल्यावर अमेरिकेत पोलिसाच्या हातून मारल्या गेलेल्या जॉर्ज फ्लॉइडसाठी गुडघा टेकून बसला, आणि २०२४ च्या युरो स्पर्धेच्या वेळी ल पेनच्या पक्षाविरुद्ध उघड बोलला. वडील खेळत होते तेव्हा समोर बाप ल पेन होता, मुलाच्या वेळी त्याची मुलगी मरीन होती.

आता तुझी दुसरी बातमी, जी तू लेखाखाली सहज जोडून पाठवलीस. गेल्या महिन्यातल्या त्या स्पर्धेत आफ्रिकेतून आलेल्या खेळाडूला प्रेक्षकांनी चिडवलं, आणि 'तुला कसं वाटलं?' असं तू त्याला विचारलंस. त्याने हसून विषय बदलला. बरोबरच केलं. त्याला पुन्हा फोन करू नकोस. त्याच्या कर्णधाराला कर, पंचांना कर, व्यासपीठावर बसलेल्या आयोजकांना कर. आवाज ऐकू आले होते का, आले असतील तर सामना का थांबवला नाही, आणि त्या रात्री जेवताना त्यावर काही बोलणं झालं का, एवढंच विचार. ते टाळतील. कुणी, कोणत्या शब्दांत टाळलं, ते नावानिशी छाप.

— सर