तारे सरकतात की आपण? नव्याने आकाश पाहणाऱ्यांसाठी

सुरुवातीलाच दुर्बीण घेऊ नका. गच्चीवर एक जागा पक्की करा, तिथून मृगाचे मधले तीन तारे समोरच्या इमारतीच्या कडेआड कधी जातात ती वेळ लिहा. दुसऱ्या रात्री त्याच जागेवरून पाहा, ते सुमारे ४ मिनिटे आधी जातील. पृथ्वीची ताऱ्यांच्या संदर्भातली फेरी २३ तास ५६ मिनिटांची असते, हे मग तुमच्याच वहीत दिसेल.

मग कॅमेरा तिपाईवर लावून ध्रुवाकडे वळवा. अर्ध्या तासात साडेसात अंशांचे कंस उमटतात.

पण या फोटोला पृथ्वी फिरत असल्याचा पुरावा समजू नका. आकाश फिरत असतं, तरी फोटो हाच आला असता! नवखे इथेच घाई करतात. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये नावेचा दाखला दिला: नाव पुढे जाते, काठ मागे जाताना दिसतो, तसे स्थिर तारे पश्चिमेला जाताना दिसतात. मला हा दाखला आजही विलक्षण वाटतो. तरी वराहमिहिराने आक्षेप घेतलाच, पृथ्वी फिरत असती तर आकाशात उडालेले पक्षी घरट्यात परतले कसे असते?

ताऱ्यांकडे न पाहता पुरावा दिला तो फ्रेंच शास्त्रज्ञ फूकोने, १८५१ मध्ये, पॅरिसच्या पँथिऑन या इमारतीतल्या ६७ मीटर लांबीच्या लंबकाने. खालची पृथ्वी फिरत असल्यामुळे तिथे लंबकाच्या झोक्याची दिशा सुमारे ३२ तासांत पूर्ण फिरताना दिसते. पुण्यात तिला ७५ तास लागतील, विषुववृत्तावर ती फिरणारच नाही. हा वेळ जागेच्या अक्षांशावर ठरतो; तो हिशेब एकदा स्वतः कागदावर मांडून बघा.