बाईचा अपमान पण पक्ष बघूनच मोजायचा का?

प्रश्न : ताई नमस्कार. माझी जाऊ नगरपालिकेला उभी होती. समोरच्या पॅनेलच्या सभेत एकजण माइकवर बोलला की हिला घर सांभाळता येत नाही, रात्री उशिरापर्यंत माणसांबरोबर फिरते, ही वॉर्ड काय सांभाळणार. लोक हसले. इथल्या एका न्यूज पोर्टलने तेवढाच तुकडा 'प्रचारात रंगत' म्हणून चालवला. घरचे म्हणतात राजकारणात उतरलं की ऐकून घ्यावं लागतं, आणि हीच मंडळी टीव्हीवर आपल्या पक्षाच्या बाईला कोणी बोललं की पेटून उठतात. मी बोलले तर मलाच म्हणतात तुला राजकारण कळत नाही. काय उत्तर देऊ?
– एक वाचक, कराड तालुका

उत्तर : तुम्हाला राजकारण व्यवस्थित कळतंय, उगाच स्वतःवर शंका घेऊ नका. तुमच्या घरात जे चाललंय तेच वरपर्यंत चालतं.

नोव्हेंबर 2022 मध्ये अब्दुल सत्तार, तेव्हा शिंदे गटाचे मंत्री, खोक्यांवरून, म्हणजे पक्ष फोडायला पैसे घेतल्याच्या आरोपावरून, प्रश्न विचारल्यावर कॅमेऱ्यासमोर सुप्रिया सुळेंना शिवी देऊन बसले. राष्ट्रवादीवाले रस्त्यावर आले, मुंबईतल्या त्यांच्या घरावर दगडफेक झाली, विरोधकांनी राजीनामा मागितला, मग सत्तार म्हणाले महिलांची मनं दुखावली असतील तर खेद व्यक्त करतो, आणि मंत्रिपद जिथल्या तिथे राहिलं. आता 2024 ची विधानसभा बघा. मुंबादेवीत शायना एनसी त्याच शिंदेंच्या शिवसेनेकडून उभ्या होत्या आणि ठाकरेंच्या सेनेचे खासदार अरविंद सावंत त्यांना 'इम्पोर्टेड माल' म्हणाले. नागपाडा पोलिसांत गुन्हा दाखल झाला, सावंतांनी माफी मागितली. पण बाजू कशा फिरल्या बघा ना, ज्या पक्षाने सत्तारांना सांभाळून घेतलं तो आता महिलांच्या सन्मानावर बोलत होता, आणि सत्तारांचा राजीनामा मागणाऱ्यांतलेच काहीजण सांगत होते की शब्दाचा अर्थ तसा नव्हताच. बाई कोणत्या पक्षाची त्यावर राग ठरणार असेल तर त्या रागाचा बाईला उपयोग काय?

चॅनेलवाले यात भर घालतात हे मी स्पष्टच सांगते. चार चौकटीत चार प्रवक्ते बसवायचे, ह्याने त्याचं जुनं काढायचं, त्याने ह्याचं, मधे मधे तीच क्लिप परत परत लावायची, म्हणजे जी शिवी एकदा दिली गेली ती बाईला दिवसभर ऐकावी लागते. माफी आली की विषय बंद.

मला सगळ्यात जास्त लागलं ते मे 2022 चं. मुद्दा स्थानिक निवडणुकांतल्या ओबीसी आरक्षणाचा होता, मध्य प्रदेशला सुप्रीम कोर्टात जमलं ते महाराष्ट्राला का जमलं नाही. मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री दिल्लीत येऊन कोणाला तरी भेटले आणि लगेच निकाल कसा आला, असं सुप्रिया सुळे बोलल्या होत्या. त्यावर भाजपचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष चंद्रकांत पाटील म्हणाले राजकारण कळत नसेल तर घरी जा, स्वयंपाक करा. झालं, पुढे सगळी चर्चा स्वयंपाकघरात. राष्ट्रवादीच्या विद्या चव्हाण म्हणाल्या पाटलांनीच पोळ्या करायला शिकावं, सदानंद सुळेंनी ट्वीट केलं की माझी बायको गृहिणी आहे, आई आहे, यशस्वी राजकारणी आहे आणि मला तिचा अभिमान आहे, पाटलांनी नंतर खेद व्यक्त केला. सदानंद सुळेंनी ते मनापासून लिहिलं होतं, नवरा असा जाहीरपणे पाठीशी उभा राहिला हे मला आवडलंच. पण एवढी वर्षं खासदार असलेल्या बाईबद्दल ती चांगली गृहिणी पण आहे हे सांगायची वेळ का यावी? आरक्षणाबद्दल त्या जे बोलल्या ते बरोबर होतं की चूक हे मात्र मागे पडलं, आणि कोणाला पटो न पटो, उत्तर त्याचं हवं होतं.

तुमच्या जाऊबाईंचं पण हेच झालंय. पाण्याचं, गटारीचं, घरपट्टीचं काहीतरी त्या बोलल्याच असतील ना प्रचारात? त्या पोर्टलवर त्यातलं काय आलं? महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत बायकांना 50 टक्के जागा आहेत, तरी अजून कित्येक ठिकाणी निवडून येते बाई आणि पत्रकार फोन लावतो नवऱ्याला.

घरच्यांना एवढंच विचारा की माइकवरचं हेच वाक्य तुमच्या पक्षाच्या बाईबद्दल असतं तर तुम्ही काय केलं असतं. आणि दुसऱ्या पक्षाच्या बाईला आपल्यातल्या कोणी असं बोललं तर त्या दिवशीही तुम्ही बोला, भांडण झालं तरी चालेल, नाहीतर तुमचं बोलणं पण पक्षाचंच वाटेल.

आचारसंहितेत खासगी आयुष्यावर टीका करायची नाही असं स्पष्ट आहे, त्यामुळे निवडणूक चालू असतानाच निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करता येते. पोलिसांत जायचं तर भारतीय न्याय संहितेचं कलम 79 आहे, स्त्रीचा विनयभंग होईल अशा हेतूने बोललेल्या शब्दांसाठी, शिक्षा 3 वर्षांपर्यंत. राज्य महिला आयोगाकडेही अर्ज करता येतो. भाषणाचा पूर्ण व्हिडिओ मिळवून ठेवा, पोर्टलचा कापलेला तुकडा नको, आणि पोर्टलला पण लेखी कळवा की बातमी अशी का दिली. फक्त हे सगळं जाऊबाईंना विचारून करा, तक्रार त्यांच्या नावाने जाणार आणि पुढचे हेलपाटे पण त्यांनाच घालावे लागणार.