बाई, सकाळ कशी आवरू?

प्रश्न : बाई, सा. न. वि. वि.

आम्ही डोंबिवलीला राहतो. मोठी मुलगी दुसरीत आहे, धाकटा ज्युनियर केजीत. शाळा नऊची, बस सव्वाआठला सोसायटीच्या गेटवर येते. मला मात्र लोकल गाठायला पावणेआठला घर सोडावंच लागतं. साडेसहाला मुलांना उठवायला घेते आणि तिथून पुढचा सव्वा तास घरात फक्त माझा आवाज असतो. धाकटा बाथरूमच्या दारात बसकण मारतो, मोठी दूध पुढ्यात घेऊन भिंतीकडे बघत राहते. हे रात्री पावणेदहाला घरी येतात. मुलं त्यांच्यासाठी जागतात, मग मस्ती, गोष्टी, झोपायला अकरा. सकाळी हे साडेसातला उठतात आणि दोघांना बसमध्ये बसवून देतात.

परवा मोज्याची शिवण बोटाला टोचते म्हणून मोठीनं तीनदा मोजा काढला. माझा तोल गेला, तिच्या पाठीत धपाटा घातला. लिफ्टपर्यंत तिचं रडणं ऐकू येत होतं. गाडीत उभ्यानं मीही रडले. मी वाईट आई आहे का? आणि हे बदलायचं कुठून?

– एक आई, डोंबिवली

उत्तर : तुला अगं-तुगं करते, माझ्या लेकीच्या वयाची असशील. वाईट आई गाडीत उभ्यानं रडत नाही आणि असं पत्रही लिहीत नाही. धपाट्याबद्दल आज संध्याकाळी तिला जवळ घे आणि सरळ सांग, ‘मी मारलं ते चुकलं माझं.’ त्याला ‘पण तू पण ना...’ असं शेपूट जोडू नकोस. सात वर्षांच्या मुलीला हे वाक्य नीट कळतं.

मी एकतीस वर्षं पहिली-दुसरीचे वर्ग घेतले. घरून रडत आलेलं मूल पहिल्या तासाला ओळखू यायचं. पाटी-वही समोर असायची, पेन्सिल हातात असायची, पण ती कागदाला टेकायची नाही. हे ओळखणाऱ्या मी स्वतःच्या मुलीला एकदा, वेणीची रिबीन सापडेना म्हणून, शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढं बोलले होते. ती माझ्याच शाळेत होती. मधल्या सुट्टीत पाहिलं तर डबा न उघडता मांडीवर धरून बसली होती. ती मांडी आणि तो डबा मला अजून दिसतो. त्यामुळे तुझ्या पत्रातली लिफ्ट मला समजली.

आता तुझ्या पत्रातल्या आकड्यांकडे बघ. अकराला झोपायचं, साडेसहाला उठायचं, म्हणजे साडेसात तास. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत ९ ते १२ तास झोप लागते, तीन ते पाच वर्षांच्यांना दुपारची डुलकी धरून १० ते १३ तास. तुझी मोठी रोज किमान दीड तास कमी झोपते. भिंतीकडे बघते ती अर्धवट झोपेतच असते. धाकटा बाथरूमच्या दारात बसतो त्याला हट्ट म्हणू नकोस, त्याचं अंग उठलंय, डोकं उठलेलं नाही. अशा मुलाला ‘आवर, आवर’ म्हणण्यानं काही आवरत नाही.

मुलांची झोप पुरी होत नाही, या कारणासाठीच ८ फेब्रुवारी २०२४ ला शासन निर्णय निघाला की पूर्व प्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. पण मी पाहते, कितीतरी घरांत सकाळी मिळालेला तो वेळ रात्रीनं खाऊन टाकला. शाळा उशिरा म्हणून झोपही उशिरा. आणि तुझ्यासारख्यांची अडचण वेगळीच झाली. पूर्वी मुलं आधी जायची, मग आई निघायची. आता मुलांच्या अंघोळी आणि तुझी गाडी एकाच वेळेला आल्यात.

म्हणून माझं सांगणं एकच आहे. बाबांची आणि मुलांची भेट रात्रीची काढून सकाळी आण.

हे उत्तर तुझ्या यजमानांनाही वाचायला दे, पुढचं त्यांच्यासाठी लिहिते. दादा, रात्री पावणेदहाला दार वाजलं की मुलं उड्या मारत येतात, तो तुमच्या दिवसातला सगळ्यात गोड क्षण असणार. तो सोडा म्हणणं सोपं नाही, मला कळतं. पण त्या सव्वा तासाच्या मस्तीची किंमत तुमची मुलगी सकाळी धपाटा खाऊन देते. तुम्ही साडेसातऐवजी पावणेसातला उठा. पावणेसात ते सव्वाआठ, दीड तास मुलं तुमची. रात्रीच्या गोष्टी न्याहारीच्या वेळी सांगा. वेण्या घालायला शिका. रविवारी बायकोसमोर बसून दोनदा घातल्यात की येतात, आधी खालून गुंता सोडवायचा आणि मग भांग पाडायचा, एवढंच त्यातलं कसब. रविवारपर्यंत दोन पोनी बांधा. वाकड्या झाल्या तर झाल्या, कुणी तुमच्यामागे येऊन त्या सोडून परत बांधायच्या नाहीत. (बाळ, हे शेवटचं वाक्य तुझ्यासाठी.)

झोपेची वेळ एका रात्रीत अकरावरून सव्वानऊवर येणार नाही. तसं केलंस तर मुलं अंधारात गप्पा मारत पडतील आणि तू पुन्हा ओरडशील. दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे घे. सात टप्पे होतात, म्हणजे तीन आठवडे. जेवण साडेसात-आठला उरकायचं. साडेआठनंतर टीव्ही बंद, मोबाईल बंद, हॉलमधला मोठा दिवा घालवून छोटा लावायचा. पहिले चार-पाच दिवस बाबांसाठी रडारड होईल. तेव्हा ‘सकाळी डोळे उघडशील तेव्हा बाबा समोर असतील’ असं सांगायचं, आणि बाबांनी खरोखर समोर असायचं. हे एकदा जरी चुकलं तर मुलं पुन्हा जागायला लागतील. रविवारीही नेहमीपेक्षा तासाभराहून जास्त झोपू देऊ नकोस, नाहीतर सोमवारी सगळं पहिल्यापासून.

सव्वानऊला झोपलेली मुलं सातला उठली तरी मोठीची पावणेदहा तास झोप होते. उठवताना लांबून हाक नको. पडदा सरकव, पाठीवर हात ठेव आणि दोन मिनिटं तिथंच बस. तुला वाटेल, कणीक पडलीये आणि ही बाई मला बसायला सांगते. ती दोन मिनिटं पुढची दहा वाचवतात, करून बघ.

अंघोळ संध्याकाळी घाल. खेळून घामेजून आलेल्या मुलाला अंघोळ तेव्हाच हवी असते, झोपही छान लागते. सकाळी दात, तोंड, हातपाय पुरे. घरात कुणी मोठं माणूस ‘पारोशानं शाळेत धाडता का?’ म्हणालं तर म्हणावं, बाईंनी सांगितलंय.

मोज्यांविषयी मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण माझ्या वर्गात अशी मुलं दरवर्षी असायची. काहींच्या कातडीला शिवण, शर्टाच्या मागचं लेबल, घट्ट इलॅस्टिक खरंच सोसत नाही. आपल्याला जे जाणवतही नाही ते त्यांना खड्यासारखं टोचतं. मोजा उलटा करून घाल, शिवण बाहेर येते, बुटात कुणाला दिसत नाही. नवे मोजे दोनदा धुऊन मगच पायात. लेबलं उसवून टाक, कात्रीनं कापलीस तर उरलेला काठ आणखी टोचतो. आणि उद्याचे मोजे आज रात्री तिलाच घालून बघू दे. टोचले तर रात्री बदलायला वेळ असतो.

धाकट्याला एक तरी काम पूर्ण त्याचं दे. कोसबाडला बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली, तिथं स्वच्छता हाही शिक्षणाचाच भाग होता. माँटेसरी पद्धतीच्या बालवाडीच्या साहित्यात तर बटणं लावायच्या, नाड्या बांधायच्या लाकडी चौकटी असतात. साडेचार वर्षांच्या मुलाला बटण लावणं हा खेळ वाटतो, आपण घाईत तो हिसकावून घेतो. त्याच्या खांद्याच्या उंचीवर भिंतीला एक हूक ठोक, गणवेश तिथं. वरची बटणं मोठ्यांनी लावायची, खालची दोन त्याची. ती लावायला त्याला चार मिनिटं लागतील. तेवढी धरूनच चाल. बूट वेल्क्रोचे घे, नाडीचं पुढं बघू.

दप्तर रात्रीच, वेळापत्रक बघून, तिनंच भरायचं. तू शेजारी बसून नुसतं वाचून दाखव. वजनाकडे लक्ष असू दे, मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा दप्तर जड नसावं. बावीस किलोच्या मुलीला दोन किलो दोनशे ग्रॅम खूप झालं.

डब्याचं तुला मी काय शिकवणार! आठवड्याचे वार ठरवून कॅलेंडरवर लिहून टाक, म्हणजे रोज सकाळी ‘आज काय?’ हा प्रश्न उरत नाही. दूध मात्र पुढ्यात ठेवून वाट बघू नकोस. उठल्या उठल्या पुष्कळ मुलांना दूध नको होतं. ते संध्याकाळी दे, सकाळी तूप-गुळाची पोळी गुंडाळी करून ठेव, मुलं ती आठच्या सुमाराला बाबांबरोबर खातील. तोवर तू गाडीत असशील.

तीन आठवड्यांनी मला पुन्हा लिही. नाही जमलं तरी लिही, कुठं अडलं तेवढं सांग.

प्रश्न : आमचा नातू पहिलीत आहे. शाळेची वेळ झाली की पोट दुखतं म्हणतो. रविवारी कधी दुखत नाही. सूनबाई म्हणते, नाटकं करतो. खरं काय समजावं?

– एक आजोबा, सातारा

उत्तर : आजोबा, दुखतंय असंच समजा. भीतीनं, ताणानं मुलांचं पोट खरोखर दुखतं, आणि ती गोष्ट टळली की थांबतं. एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, उलट्या किंवा वजन घटणं यांतलं काही असेल तर अजिबात थांबू नका.

बाकी मला एक शंका येते. त्याला शाळेतलं शौचालय वापरायची भीती वाटते का, ते विचारा. कडी आतून लागत नाही, वास येतो, मोठी मुलं दार वाजवतात, अशी कारणं मी वर्षानुवर्षं ऐकली आहेत. मग मुलं दिवसभर धरून ठेवतात, पाणी पीत नाहीत, खडा धरतो आणि पोट दुखायला लागतं. पाण्याची बाटली घरी भरलेलीच परत येते का, तेवढं आज बघा. येत असेल तर उद्या तुम्ही स्वतः त्याच्या बाईंना भेटा. त्याला रोज एखाद्या मित्राबरोबर जाऊ द्या, म्हणावं, एक आत जाईल तेव्हा दुसरा दाराशी उभा राहील. घरी न्याहारीनंतर दहा मिनिटं शौचाला बसायची सवय लावा, पायाखाली पाट ठेवून, म्हणजे पाय लोंबकळत नाहीत. ती दहा मिनिटं गोष्ट सांगायला तुम्ही दाराबाहेर बसलात तर फार चांगलं.