हल्ले मोजण्याआधी व्याख्या तपास

बडोद्यात प्रबंधासाठी जीटीडीची, म्हणजे जगभरातल्या दहशतवादी हल्ल्यांच्या ग्लोबल टेररिझम डेटाबेसची फाइल उतरवलीस की लगेच आलेख काढू नकोस, आधी कोडबुक, म्हणजे तिच्या व्याख्या आणि रकाने समजावणारी पुस्तिका वाच. हेतुपुरस्सर हिंसा किंवा तिची धमकी आणि करणारे बिगरसरकारी, एवढं ठरलेलंच. त्यापुढे तीन अटी: राजकीय, आर्थिक, धार्मिक वा सामाजिक उद्दिष्ट, व्यापक समुदायाला धाक दाखवण्याचा इरादा, युद्धनियमांबाहेरचं कृत्य. यांतल्या दोन पुरतात. तिन्ही लावून पुन्हा मोज, लष्करावरचे बरेच हल्ले गळतील. शंकास्पद नोंदींसाठी 'डाउटटेर' रकाना आहे. तिथे १९९७ आधी उणे ९ दिसतं. त्याचा अर्थ 'शंका नाही' असा नव्हे. नवखे इथेच फसतात.

१९९३ च्या नोंदी मुख्य फाइलमध्ये नाहीत. तिथे शून्य भरू नकोस, रेघ तोड.

वेळ किंवा जागा वेगळी असली की जीटीडी वेगळी घटना धरतं, म्हणून २६ जुलै २००८ च्या अहमदाबाद स्फोटमालिकेसारखा एकच दिवस अनेक ओळी घेतो. यूसीडीपी, म्हणजे उप्साला विद्यापीठाचा सशस्त्र संघर्षांची नोंद ठेवणारा प्रकल्प, याच्या घटनायादीत किमान एक मृत्यू लागतो. निकामी केलेला बॉम्ब तिथे सापडणार नाही. एनसीआरबी, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, तर हल्ले मोजतच नाही, दाखल गुन्हे मोजतं. हे तिन्ही आकडे एकाच अक्षावर मांडलेस तर मार्गदर्शक पहिल्याच पानावर अडवतील, आणि बरोबरच करतील.