दोन रिकाम्या खुर्च्या

प्रश्न : आम्ही अमेरिकेत, ओहायो राज्यात राहतो. मुलगा गाडीने तीन तासांवर असलेल्या, महाविद्यालयीन खेळांच्या ‘बिग टेन’ गटातल्या एका विद्यापीठात शेवटच्या वर्षाला आहे आणि तिथल्या अमेरिकन फुटबॉलच्या संघात ‘वॉक-ऑन’, म्हणजे शिष्यवृत्तीविना घेतलेला खेळाडू आहे. चार वर्षांत तो एकाही सामन्यात उतरलेला नाही. २०२० चा हंगाम साथीने विस्कटल्यामुळे सर्व खेळाडूंना खेळण्यासाठी एक जादा वर्ष मिळाले आहे आणि शिकागोची ठरलेली नोकरी सोडून त्याला ते घ्यायचे आहे. थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या सणालाही तो घरी आला नाही. घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्याची दोन तिकिटे त्याने पाठवली होती, पण तो खेळणार नव्हताच आणि थंडीही फार होती, म्हणून आम्ही गेलो नाही. हल्ली फोनवर तुटक बोलतो. हे खूळ त्याच्या डोक्यातून कसे काढावे?

उत्तर : तुम्ही नोकरीबद्दल आणि वाया जाणाऱ्या वर्षाबद्दल काळजीने लिहिले आहे. तिकिटांबद्दल मात्र एकच वाक्य आहे, आणि मी अजून त्याच वाक्यापाशी अडले आहे.

ती तिकिटे कसली होती, हे तुम्हाला ठाऊक असायला हवे होते. ‘बिग टेन’ने त्या हंगामात सर्वसाधारण प्रेक्षकांना तिकिटे विकलीच नाहीत; स्थानिक आरोग्य नियम परवानगी देतील तिथे खेळाडूंच्या आणि प्रशिक्षकांच्या घरच्यांनाच तेवढे आत घेतले. या गटात लाखाहून अधिक माणसे मावतील अशीही मैदाने आहेत. एरवीच्या गर्दीत तुमची गैरहजेरी कोणाच्या लक्षातही आली नसती. त्या दिवशी मात्र कोणाचे आईवडील आले आहेत आणि कोणाचे नाहीत, हे मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या मुलाला नुसती मान वळवून दिसत होते. आणि घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना म्हणजे बाहेर पडणाऱ्या मुलांना निरोप देण्याचा दिवस. खेळायला मिळो वा न मिळो, त्या दिवशी त्यांची नावे घेतली जातात. साथीच्या भीतीने गेलो नाही असे तुम्ही लिहिले असते, तर मी अवाक्षर काढले नसते. तुम्ही थंडीचे कारण दिले आहे, तेही ओहायोत राहून.

थँक्सगिव्हिंगची तक्रार तर मला मुळीच पटली नाही. ११ ऑगस्टला ‘बिग टेन’ने हंगाम पुढे ढकलला, १६ सप्टेंबरला तो निर्णय फिरवला आणि २३ ऑक्टोबरला सामने सुरू केले, ते एका कडक अटीवर : संघातल्या प्रत्येकाची रोज चाचणी होईल आणि ज्याला लागण झाल्याचे निष्पन्न होईल, त्याला किमान २१ दिवस सामना खेळता येणार नाही. एवढ्या आखूड हंगामात २१ दिवस म्हणजे जवळजवळ सगळाच हंगाम. १९१८ पासून दरवर्षी न चुकता होत आलेला ओहायो स्टेट आणि मिशिगन या विद्यापीठांचा सामनासुद्धा त्या डिसेंबरमध्ये रद्द झाला, आणि तुमच्या गावात त्याची चर्चा झाली नसेल असे मला वाटत नाही. तुमच्या मुलाने घरी येऊन जाताना लागण सोबत नेली असती, तर त्याचे स्वतःचे काहीच बिघडले नसते, कारण तो खेळणारच नव्हता. घरी बसावे लागले असते ते खेळणाऱ्यांना. तो त्यांच्यासाठी आला नाही.

‘खेळणार नव्हताच’ असे तुम्ही लिहिता. वॉक-ऑन मुलांच्या वाट्याला बहुधा येणारे काम असे असते, की येत्या शनिवारी ज्यांच्याशी गाठ आहे त्यांच्या चाली पाठ करायच्या, सरावात त्यांच्या बाजूने उभे राहायचे आणि आपल्याच पहिल्या फळीच्या धडका आठवडाभर अंगावर घ्यायच्या. त्या हंगामात तर मंगळवारपर्यंत घोकलेला प्रतिस्पर्धी बुधवारी सामनाच रद्द करू शकत होता. हे काम कोणतेही विद्यावेतन न घेता चार वर्षे करणाऱ्या मुलाला आपण स्टार होऊ असा भ्रम असेल, यावर माझा विश्वास नाही. आपली जागा कोणती, हे त्याला तुमच्यापेक्षा अधिक नेमके कळते, आणि तरीही त्याला तिथे परत जायचे आहे.

तेव्हा खूळ कसे काढावे, ते मी सांगणार नाही. जादा वर्ष एनसीएएने, म्हणजे महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या संस्थेने, २१ ऑगस्ट २०२० लाच साऱ्यांना देऊ केले आहे. ते घ्यायचे की नाही, हे बावीस वर्षांच्या मुलाने ठरवावे. त्या वर्षाची फी कोणी भरायची, हा तुमचा रास्त प्रश्न आहे, पण तो पुढच्या महिन्यातही विचारता येईल.

येत्या शनिवारी दोघेही गाडीत बसा आणि त्याच्याकडे जा. नोकरीचे नाव काढू नका. आम्ही आलो नाही ते चुकले, असे तुमच्या यजमानांनीही स्वतःच्या तोंडाने म्हणावे. तुमच्या एकटीच्या म्हणण्याने भागणार नाही. मग तुम्ही न पाहिलेला तो सामना त्याला लॅपटॉपवर लावायला सांगा आणि पूर्ण पाहा. चेंडू कुठे आहे याकडे तुम्ही लक्ष दिले नाही तरी चालेल. कॅमेरा मैदानाच्या कडेला वळला की तो कुठे उभा होता आणि तिथून काय ओरडत होता, ते त्याला विचारा. निघण्यापूर्वी येत्या नोव्हेंबरमधल्या शेवटच्या सामन्याच्या दोन जागा त्याच्याकडे मागा. तोवर तो संघात असेल की शिकागोत, हे अजून ठरायचे आहे, तरी मागा.