ऐकू आलं नसेल तर बटण दाबू नकोस

प्रिय पोरी,

सलाम.

तुझा रात्रीचा मेसेज सकाळी वाचला. उजवा कान गेला, औषध वेळेत सुरू करूनही थोडंच परत आलं, हे तुझ्या आईनं सांगितलं होतं, पण प्रार्थनासभेत कुणीतरी तुला म्हणालं की विश्वास कमी पडतोय म्हणून बरी होईना झालीस, हे आज कळलं आणि हातातला चहा तसाच गार झाला बघ. म्हणणारे मनानं वाईट नसतील, पण बोलले ते चूक आहे. तू रात्र रात्र रडायलीस त्यात ही एक भर कशाला?

माझा डावा कान गेला त्याची गोष्ट तुला कधी नीट सांगितली नाही. 2011 चा मे महिना. आपल्या सोलापूरचं ऊन तुला माहितीय, आम्ही सगळे गच्चीवर झोपलेलो, सकाळी उठले तर डाव्या बाजूला कापूस कोंबल्यासारखं आणि आत बारीक शिट्टी. माझे वडील पॉवरलूमवर होते, लहानपणी डबा द्यायला शेडमध्ये जायचे तेव्हा बाहेर आल्यावरही कान वाजत राहायचे, मला वाटलं तसलंच काहीतरी, जाईल. जवळच्या दवाखान्यात सर्दी म्हणून ड्रॉप दिले, मी तीन आठवडे ते घालत बसले. कानाच्या डॉक्टरांकडे पोचले तेव्हा ते म्हणाले, बाई, अचानक ऐकू येणं बंद झालं तर पहिल्या दोन आठवड्यांत स्टिरॉइड दिलं की फायद्याची शक्यता जास्त असते, आता बघू काय होतं. काही झालं नाही.

पण तुला सांगायचंय ते टेस्टचं. तूही त्या काचेच्या खोलीत बसलीयेस, हेडफोन लावतात, हातात बटण देतात, आवाज आला की दाबायचं. उजव्या कानाला मी भराभर दाबलं. मग डावा सुरू झाला आणि नुसती शांतता. काचेपलीकडची मुलगी खाली बघून लिहायली होती, आणि मला काय झालं माहीत नाही, काहीच ऐकू न येता मी बटण दाबलं. परत दाबलं. तीस वर्षं पोरांची कॉपी पकडलेली बाई मी! ती मुलगी आत आली, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "मॅडम, आवाज आल्यावरच दाबा, नाहीतर मला कळणार कसं?" टेस्टच्या आलेखाचा कागद हातात आला तेव्हा उजव्या कानाचे लाल गोल वर आणि डाव्याच्या निळ्या फुल्या पार तळाला, म्हणजे ऐकू येणं जवळजवळ संपलेलं.

घरी येताना रिक्षात लक्षात आलं की चर्चमध्येही मी हेच करायले. दर रविवारी कुणी विचारलं की "प्रभूची कृपा, मनाला शांती आहे", सगळ्यांसमोर उभी राहून देवानं काय केलं ते सांगायचं, ती साक्षसुद्धा दिली तशी. आत शांती कसली, आत त्या दवाखान्यावर राग, त्याहून जास्त देवावर राग, कारण मी पेटी वाजवायचे आणि एका कानानं सगळी गीतं सपाट झाली होती, मंडळी कुठून गातेय, तबला कुठल्या बाजूला, काही उमगेना. त्या रात्री भांडी घासता घासता मी पहिल्यांदा खरं बोलले, मोठ्यानं, नळ सुरूच. म्हटलं, प्रभू, मला तुझा राग आलाय, तू बोलत असशील तर मला ऐकू येत नाहीये.

उत्तर आलं नाही. पण मी झोपले, कित्येक दिवसांनी सलग झोपले. आणि पुढे महिनोन् महिने तेच बोलत राहिले, तेव्हा हळूहळू कळत गेलं की ज्याच्यावर मी अशी ओरडू शकते तो मला सोडून गेलेला नाही, परक्या माणसावर कुणी असं ओरडतं का? त्याआधीची माझी प्रार्थना म्हणजे घासाघीस होती, मी इतके उपास करते, तू कान दे. भरवसा मला तिथून पुढे कळायला लागला, आणि कान तर आजही बंदच आहे.

बायबलमधलं 88 वं स्तोत्र वाच. ते अंधारातच संपतं, शेवटी कुठं उजेड नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. आणि मार्कच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय, तो बहिरा माणूस. प्रभू त्याला गर्दीतून बाजूला घेतो, कानात बोटं घालतो आणि "मोकळा हो" म्हणायच्या आधी आकाशाकडे बघून उसासा टाकतो. मी आता त्या उसाशापाशीच थांबते. तुझा विश्वास किती टक्के ते त्यानं तिथं विचारलेलं नाही गं.

पुण्याला जाताना दौंडच्या पुढं केडगाव लागतं, तिथं मला दर वेळी पंडिता रमाबाई आठवतात. 1883 ला त्या इंग्लंडला गेल्या, डॉक्टरकी शिकायचं मनात होतं, पण ऐकू कमी येत चाललेलं, तो रस्ता बंद झाला. कान बरे झाले नाहीत. देवानं मुद्दाम ते दार बंद केलं वगैरे मी म्हणणार नाही, मला ते माहीत नाही. त्याच बाईंनी पुढं केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, 1921 ला एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, 1922 ला त्या स्वतः. त्यांचा विश्वास कमी होता असं म्हणायची कुणाची हिंमत आहे?

आता बाकीचं, थोडक्यात. डॉक्टरची तारीख चुकवू नकोस, देवावर सोडलं म्हणून फाइल कपाटात टाकायची नसते. मिरवणुकीच्या डीजेजवळ उभी राहू नकोस, चांगला कान एकच आहे, फोमचे इअरप्लग पर्समध्ये ठेव. सात रस्त्याला ओलांडताना मान पूर्ण वळवून बघ, गाडी कुठून येतेय ते एका कानाला कळत नाही, मी दोनदा वाचलेय. आणि क्वायर इतक्यात सोडू नकोस, पण गाणं जमलं नाही त्या रविवारी गप्प उभी राहा, बाकीचे गातात ते तुझ्यासाठीच गातात असं समज. मी सहा महिने तशीच उभी होते.

येत्या रविवारी लवकर ये. मी डावीकडच्या भिंतीला लागून बसते, तू माझ्या उजव्या हाताला बस, म्हणजे माझा चालू कान तुझ्याकडे आणि तुझा माझ्याकडे. प्रवचनातलं जे सुटेल ते एकमेकींना विचारू.

तुझी,
संडे स्कूलची बाई