साहेब बैठकीत आहेत

चिरंजीवीस अनेक आशीर्वाद.

तू आपल्या खासदारांच्या कार्यालयात फोन करून एका विधेयकाला विरोध नोंदवलास, पलीकडून ‘बरं, साहेब बैठकीत आहेत, सांगतो’ एवढेच उत्तर आले, आणि मतदानाचा दिवस सोडला तर आपल्या मताला कोणी विचारत नाही असा निष्कर्ष तू त्यावरून काढलास. मी तेवीस वर्षे एका आमदारांचा स्वीय सहायक होतो. ‘साहेब बैठकीत आहेत’ हे वाक्य मी किती वेळा उच्चारले याची मोजदाद नाही. त्यांतल्या निम्म्या वेळी तरी साहेब खरोखरच बैठकीत असत. म्हणून तुझा राग मी समजू शकतो, पण निष्कर्ष मला मान्य नाही. तुझा फोन वाया गेला असेल, तर तो कोणी ऐकला नाही म्हणून नव्हे. ज्या गोष्टीवर खासदारांचा स्वतःचा हात चालत नाही, नेमकी तीच गोष्ट तू त्यांच्याकडे मागितलीस, म्हणून.

आमच्या संपर्क कार्यालयात येणारे बहुतेक फोन कामाचे असत. डीपी जळाली आहे, उत्पन्नाचा दाखला अडला आहे, रुग्णालयात खाट मिळत नाही, मुलीच्या प्रवेशासाठी शिफारसपत्र हवे आहे, रविवारी जावळ आहे तर साहेबांनी यावे. आपल्याकडे लोकप्रतिनिधी म्हणजे अडलेले काम करून देणारा माणूस, ही समजूत इतकी मुरली आहे की ‘माझे काही काम नाही, मला फक्त मत सांगायचे आहे’ असे कोणी म्हणाले की माझा हात नोंदवहीवर थबकत असे, कारण आमच्या नोंदवहीत ‘मत’ असा रकानाच नव्हता. नाव, गाव, काम, शेरा, एवढे चारच रकाने. तुझे बोलणे यांपैकी कुठे लिहायचे, हा पेच फोन उचलणाऱ्यापुढे पडतो आणि तो सोडवण्याची जबाबदारी तुझ्यावर येते.

त्या नोंदवहीचे पुढे काय होत असे ते सांगतो. संध्याकाळी दौऱ्यावरून परतताना मी पुढच्या सीटवर बसून ती वाचून दाखवीत असे, साहेब मागे डोळे मिटून ऐकत, आणि घाट लागेपर्यंत जेवढे वाचून होई तेवढेच त्यांच्यापर्यंत पोहोचत असे. म्हणजे प्रत्येक फोनच्या वाट्याला एखादे वाक्य. २०२३ मध्ये शिक्षण विभागाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले, तेव्हा दोन फोन एकाच दिवशी आले. पहिले गृहस्थ सुशिक्षित होते. शिक्षणाचे खासगीकरण, सरकारची अनास्था, फुल्यांचा महाराष्ट्र, असे ते वीस मिनिटे बोलले. त्यांचा एकही मुद्दा चुकीचा नव्हता, आणि तरी मी वहीत ‘शाळा बंद करण्यास विरोध’ एवढेच लिहिले. दुसरा फोन वस्तीवरच्या एका आईचा होता. ती म्हणाली, “आमच्या शाळेत चौदा पोरं हायेत. दुसरी शाळा ओढ्यापल्याड. ओढा आला की पोरं घरी बसणार. साहेबांनी एवढं विचारावं, की त्या दिवशी शाळा कोण भरवणार.” हे मी शब्दशः उतरवून घेतले. साहेबांनी डोळे उघडले, ओढा कोणता ते विचारले, आणि नागपूरच्या अधिवेशनात बोलताना तोच ओढा आणि तीच चौदा मुले पुढे केली. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी, हा शिक्षणहक्काच्या नियमांतला आधार आम्ही मागाहून जोडला. तो शोधणे हे आमचे काम होते, तिचे नव्हे. ती शाळा आजही भरते. फोनमुळे ती वाचली असे म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही, पण सभागृहात तिचा ओढा गेला तो त्या फोनमुळेच गेला.

आता तुझ्या विधेयकाकडे वळतो. १९८५ साली बावन्नावी घटनादुरुस्ती होऊन संविधानाला दहावी अनुसूची जोडली गेली. तेव्हापासून पक्षाने व्हिप, म्हणजे कसे मत द्यायचे याचा आदेश, काढला असताना त्याविरुद्ध मत देणाऱ्या, किंवा मतदानाला गैरहजर राहणाऱ्या सदस्याचे सदस्यत्वच धोक्यात येते. अमेरिकेत राहणारे आपले नातेवाईक सांगतात की तिथे विधेयक आले की लोक प्रतिनिधीच्या कार्यालयात फोन करतात, तिथला कर्मचारी पिनकोड विचारून मतदारसंघाची खात्री करतो आणि बाजूने किती, विरोधात किती याची नोंद ठेवतो. ते खरे आहे आणि तिथे ते उपयोगीही पडते, कारण पक्षाविरुद्ध मत दिले म्हणून तिथल्या सदस्याची जागा जात नाही. आपल्याकडे ‘विधेयकाविरुद्ध मत द्या’ असे सत्तापक्षाच्या खासदाराला सांगणे म्हणजे ‘खासदारकी सोडा’ असे सांगण्यासारखेच होते. हा कायदा पक्षांतरे रोखण्यासाठी आला. तो करताना सामान्य मतदाराच्या फोनचीही धार बोथट केली, असे माझे मत आहे, आणि ते मी निवृत्तीनंतरच बोलू लागलो हेही कबूल करतो.

मात्र व्हिप चालतो तो मतदानावर. प्रश्न विचारायला, तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणारी लक्षवेधी सूचना द्यायला, अर्थसंकल्पात एखाद्या खात्याची रक्कम कमी करा अशी कपात सूचना मांडायला, समितीत सुधारणा सुचवायला किंवा पक्षाच्या बैठकीत ‘माझ्या मतदारसंघात नाराजी आहे’ असे सांगायला सदस्य पुष्कळ मोकळा असतो. तुझे मत या मोकळ्या जागेत बसेल असे करून दे. ‘अमुक कलमातली अमुक तरतूद आमच्यासारख्यांना अडचणीची आहे, ती बदलण्यासाठी साहेबांनी समितीकडे सूचना द्यावी’ असे तू म्हणाली असतीस, तर फोन घेणाऱ्याला वहीत लिहिण्याजोगे काही मिळाले असते. विधेयक समितीकडे गेले असेल तर तुझ्यासाठी थेट वाटही कधीकधी उघडते. महाराष्ट्राचे जनसुरक्षा विधेयक विधानमंडळाच्या संयुक्त समितीकडे होते, तेव्हा नागरिकांकडून आणि संघटनांकडून बारा हजारांहून अधिक सूचना आल्या होत्या. विधेयक २०२५ च्या जुलैमध्ये संमत झालेच; पण त्याआधी त्याच्या शब्दरचनेत बदल झाले. ते पुरेसे होते की नाही यावर तुझे-माझे एकमत होणार नाही.

शिवाय सरकारचे कितीतरी निर्णय सभागृहात मतदानाला येतच नाहीत. शासन निर्णय निघतो आणि लागू होतो. पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा करण्याचा शासन निर्णय एप्रिल २०२५ मध्ये निघाला, जूनमध्ये तो सुधारून पुन्हा काढला, आणि पावसाळी अधिवेशनाच्या आदल्या दिवशी, २९ जूनला, सरकारने दोन्ही मागे घेतले. त्यामागे साहित्यिक होते, शिक्षक होते, विरोधी पक्षांचा ठरलेला मोर्चा होता. फोनचा वाटा किती ते कोणालाच मोजता येणार नाही. मला त्यातली तारीख महत्त्वाची वाटते. अधिवेशन तोंडावर आले की सत्तापक्षाच्या आमदारालाही आपल्या भागात काय बोलले जाते हे ठाऊक असावे लागते, कारण तिथे त्याला पत्रकार गाठणार असतात आणि विरोधक डिवचणार असतात. म्हणून राज्याच्या विषयावर फोन करायचा तर तो अधिवेशनाच्या दोन-तीन आठवडे आधी कर. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी नागपुरात, हे तुला माहीत आहेच. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात ते, मात्र याहूनही आधी द्यावे लागतात. प्रश्नच विचारून घ्यायचा असेल तर मागच्या अधिवेशनाची धूळ बसली की लगेच फोन कर.

फोन कोणाला करायचा याचाही विचार कर. शाळा, एसटी, पोलीस हे विषय राज्याचे. त्यासाठी खासदारांना गाठलेस तर ते सौजन्याने ऐकतील आणि विसरतील. तू पदवीधर झालीस की विधान परिषदेतल्या सात पदवीधर मतदारसंघांपैकी एकात तुला नाव नोंदवता येईल, मात्र पदवी मिळून तीन वर्षे व्हायला हवीत आणि नोंदणी दर निवडणुकीला नव्याने करावी लागते. फार थोडे लोक ती करतात, त्यामुळे तिथल्या आमदारांच्या कार्यालयात नोंदणीकृत मतदाराचा फोन अधिक लक्ष देऊन घेतला जातो, असा माझा अनुभव आहे.

बोलताना पहिल्या वाक्यात नाव आणि गाव सांग, दुसऱ्यात मागणी. व्हॉट्सअॅपवर आलेला मजकूर वाचून दाखवू नकोस. एकाच मजकुराचे पन्नास फोन आले की मी वहीत ‘वरीलप्रमाणे’ लिहीत असे, आणि ‘वरीलप्रमाणे’ गाडीत कोणी वाचत नाही. संभाषण गुपचूप रेकॉर्ड करून समाजमाध्यमांवर टाकण्याची जी टूम निघाली आहे तिच्या वाटेला जाऊ नकोस, कारण तसे एकदा घडले की त्या कार्यालयातला प्रत्येक माणूस पुढची दोन वर्षे सर्वांशीच जपून, म्हणजे काहीच न सांगता, बोलतो. फोननंतर तेच म्हणणे अर्ध्या पानाच्या निवेदनात लिहून कार्यालयात दे आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घे. आवक क्रमांक पडलेला कागद फाइलला लागतो आणि तीन आठवड्यांनी ‘त्याचे काय झाले’ असे विचारायला तुझ्या हाती काही राहते.

एवढे करून पुन्हा फोन कर, शक्यतो सकाळी नऊच्या आत, गर्दी जमण्यापूर्वी. आणि उचलणाऱ्याचे नाव विचारून घे. तेवीस वर्षांत माझे नाव फार थोड्यांनी विचारले. ओढ्यापलीकडच्या त्या आईने विचारले होते, आणि पुढच्या वेळी तिने साहेबांना नव्हे, मलाच बोलवायला सांगितले.

तुझा,
काका